प्रोस्टेट कॅन्सरच्या निदानात टिश्यूतल्या लिपिडची मास स्पेक्ट्रोमेट्री

प्रोस्टेटच्या बायप्सीतल्या किंवा ऑपरेशनमध्ये काढलेल्या टिश्यूत कुठली लिपिड, म्हणजे स्निग्ध पदार्थ, किती आहेत हे मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणू वजनानुसार ओळखणाऱ्या मशीनवर, मोजायचं आणि त्यावरून तो भाग कॅन्सरचा आहे की नाही याचा अंदाज घ्यायचा, अशी ही पद्धत. सध्या ती संशोधनातच जास्त आहे, नेहमीच्या तपासण्यांत नाही.

गरज का पडली, तर रक्तातलं पीएसए (प्रोस्टेटमध्ये बनणारं एक प्रोटीन) वाढलं म्हणजे कॅन्सरच असं नसतं, वयानुसार ग्रंथी मोठी झाली किंवा इन्फेक्शन असलं तरी ते वाढतं. मग सुईने साधारण १२ तुकडे घेतात आणि पॅथॉलॉजिस्ट मायक्रोस्कोपखाली पेशींची रचना बघून ग्लिसन स्कोर, म्हणजे कॅन्सर किती आक्रमक दिसतो त्याचा आकडा, देतो. पद्धत चांगली मुरलेली आहे, पण सगळं आकारावर चालतं, आणि काठावरच्या केसमध्ये दोन अनुभवी डॉक्टरांचंही एकमत होत नाही. आकार बदलला तरी आत रसायन काय बदललं, हे नेहमीच्या स्लाइडवर दिसत नाही.

आणि रसायन तर खूप बदलतं. निरोगी प्रोस्टेट जस्त आणि सायट्रेट साठवून ठेवते, कॅन्सरच्या पेशीत ते दोन्ही कमी होतात आणि पेशी स्वतःच फॅटी अॅसिड बनवायला लागते, नवीन पेशींच्या आवरणांना माल लागतो ना. यातलं जास्त गाजलेलं लिपिड म्हणजे कोलेस्टेरॉल सल्फेट, २०१० मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या गटाने दाखवलं की कॅन्सरच्या टिश्यूत त्याचा मास स्पेक्ट्रोमीटरच्या वजनाच्या पट्टीवर ४६५ च्या आसपासचा सिग्नल ठळक येतो आणि निरोगी भागात जवळजवळ नसतो. मात्र कॅन्सरच्या आधीची पायरी मानतात त्या हाय-ग्रेड पिनमध्येही (प्रोस्टेटच्या ग्रंथींतल्या पेशींचा एक बिघाड) तो येतो, त्यामुळे एवढ्या एकाच सिग्नलवर निकाल देता येत नाही.

मोजतात कसं? गोठवलेल्या टिश्यूचा साधारण १५ मायक्रॉनचा पातळ काप काचेवर घेतात. डेसी नावाच्या पद्धतीत (२००४, हीसुद्धा पर्ड्यूचीच, ग्रॅहम कुक्स यांच्या लॅबची) त्यावर विद्युतभारित सॉल्व्हंटचा बारीक फवारा मारतात, फरशीवर पाणी मारल्यावर शिंतोडे उडतात तसे थेंब लिपिड घेऊन उडतात आणि मशीन ते आत ओढून वजनानुसार वेगळे करतं. स्लाइड ओळीओळीने सरकत जाते, प्रत्येक ठिपक्याचा वेगळा स्पेक्ट्रम निघतो आणि शेवटी कुठलं लिपिड कुठे आहे याचा रंगीत नकाशा तयार होतो. सॉल्व्हंट नीट निवडला तर काप खराब होत नाही, त्याच कापावर नंतर नेहमीचं एच अँड ई स्टेनिंग (पेशी मायक्रोस्कोपखाली दिसाव्यात म्हणून दिलेला रंग) करून दोन्ही चित्रं एकावर एक ठेवून बघता येतात, माझ्या मते या पद्धतीची खरी ताकद यातच आहे.

मुंबईच्या हवेत एक वेगळीच कटकट. उणे ८० च्या फ्रीझरमधून काढलेली स्लाइड जुलैत तशीच टेबलावर ठेवली की क्षणात तिच्यावर दव धरतं आणि लिपिड जागेवरून पसरतात, मग नकाशाला काही अर्थ उरत नाही. म्हणून ती बंद डब्यातच रूम टेम्परेचरला आणून डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) सुकवतात. शिवाय मशीन कोटींच्या घरातलं, चालवायला तयार माणूस हवा, आणि एका मशीनवर बसवलेला कॅन्सर ओळखायचा हिशोब दुसऱ्यावर जसाच्या तसा लागू पडेल याची खात्री नाही.

परळला टाटा हॉस्पिटलात दुसरं मत घ्यायला येणारे पेशंट बाहेरच्या लॅबचे पॅराफिन ब्लॉक आणि स्लाइड पिशवीत घेऊन येतात. रिव्ह्यूला आणि इम्युनोच्या स्टेनिंगला (अँटिबॉडी वापरून ठरावीक प्रोटीन रंगवायची तपासणी) ते पुरतात, पण लिपिडच्या या तपासणीला नाही, कारण ब्लॉक बनवताना टिश्यू अल्कोहोल आणि झायलीनमधून जाते आणि बहुतेक लिपिड तिथेच धुऊन निघतात. तुकडा काढल्या काढल्या गोठवायला लागतो, आणि हे बायप्सीच्या आधीच ठरवावं लागतं.