नागपूरच्या बागांतली ताटी आणि कायद्यातला बांबू

नागपुरात गेल्या काही वर्षांत बागेला, गच्चीला, हॉटेलच्या अंगणाला रीडचा, म्हणजे नळासारख्या उंच गवताच्या काड्यांचा, पडदा लावायची पद्धत चांगलीच रुजली आहे. करंगळीहून बारीक, पोकळ, पिवळसर काड्या एकाला एक लावून बारीक तारेनं शिवलेल्या असतात आणि माल गुंडाळीनं मिळतो. लोखंडी जाळीवर गुंडाळी उलगडायची, तार आवळायची, की संध्याकाळपर्यंत शेजारची भिंत दिसेनाशी होते. दिसायला हा पडदा खरोखर देखणा असतो, त्याबद्दल वाद नाही. पण या गुंडाळ्यांचे जुने पुरवठादार चीन आणि पूर्व युरोपातले देश आहेत. ज्या गवताच्या काड्या तिथून येतात, त्याचाच भाऊबंद असलेला नळ आपल्याकडे तळ्याकाठी, नाल्याकाठी उगवतो. आणि नागपूरपासून पावणेदोनशे किलोमीटरवर गडचिरोली आहे, जिथे बांबूचं जंगल संपता संपत नाही. मग या शहराला बागेचा आडोसा समुद्रापलीकडून का आणावासा वाटला? स्वस्ताई, फॅशन, ऑनलाइन खरेदी ही कारणं सांगितली जातात आणि ती आहेतच. पण त्यामागे नव्वद वर्षं चाललेला एक कायदेशीर घोळ आहे आणि त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

आधी थोडं मागचं. विदर्भात आडोसा म्हणजे कूड किंवा ताटी. तुराट्या, पऱ्हाट्या, बांबूच्या कामट्या, शिंदीचे फोक, हाताशी जे येईल त्याचा कूड विणायचा, वर शेणमाती लिंपली की भिंत, नाही लिंपली की कुंपण. भोसल्यांच्या काळात तेलंगखेडी, महाराजबाग अशा मोठ्या बागा झाल्या. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं, १८६१ मध्ये शहर मध्य प्रांताची राजधानी झालं आणि सिव्हिल लाइन्सचे बंगले उभे राहिले. त्या बंगल्यांच्या व्हरांड्यांत चिकाचे, म्हणजे बांबूच्या बारीक कामट्यांचे गुंडाळता येणारे, पडदे आले आणि उन्हाळ्यात दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लागू लागल्या. ताटीवर पाणी मारत बसायला माणूस ठेवलेला असे. पुढे विजेचा कूलर आला आणि तीच ताटी पत्र्याच्या पेटीत जाऊन बसली. आजही मार्च-एप्रिलमध्ये नागपूरकर ‘कूलरच्या ताट्या’ बदलतो.

हे काम करणारे हात बुरडांचे. विदर्भात त्यांच्या कामाला मुख्यतः दोन बांबू लागतात. एक मानवेल, जवळजवळ भरीव, काटक, आणि दुसरा कटांग, जाड, पोकळ, काटेरी. कुंपणाचे खांब आणि आडव्या पट्ट्या मानवेलीच्या चांगल्या, कारण ती वाकते पण सहजी मोडत नाही. बांबू उभा चिरायचा, पेरं आतून तासायची, हिरवी सालपट बाजू वेगळी आणि आतली पांढरी वेगळी काढायची, मग विणायचं. सालपटाचा तट्टा पाऊस सोसतो, आतल्या भागाचा लवकर कुजतो. बैलगाडीतून कापूस बाजारात न्यायचा तर गाडीला तट्टा लागे, धान्याला कणगी लागे, लग्नाला मांडव लागे, आणि घरामागच्या वाडीला ताटी. बागेची ताटी हे बुरडाचं वेगळं उत्पादन कधीच नव्हतं. बाकीच्या कामातून उरलेल्या मालाची ती जोडवस्तू होती, म्हणून स्वस्त होती. मुख्य काम आटलं की जोडवस्तूही महागणार किंवा बंद पडणार, हे उघड आहे.

आता मुख्य मुद्दा.

१९२७ च्या भारतीय वन अधिनियमात कलम २ मध्ये व्याख्या आहेत. त्यातल्या सातव्या उपकलमात झाडाची व्याख्या करताना ताड-माड, खुंट, झुडपं आणि वेत यांच्या बरोबरीनं बांबूही घातला होता. वनस्पतिशास्त्र बांबूला गवताच्या कुळात धरतं. पण कायद्याला वनस्पतिशास्त्राशी देणंघेणं नव्हतं. त्याला जंगलातून बाहेर जाणाऱ्या मालावर ताबा हवा होता. खरी मेख पुढे आहे. त्याच कलमात इमारती लाकडाची व्याख्या अशी की पडलेलं किंवा तोडलेलं झाड म्हणजे इमारती लाकूड. बांबू झाड ठरला, म्हणून तोडलेला बांबू इमारती लाकूड ठरला. आणि वनोपजाच्या व्याख्येत दोन गट आहेत. पहिल्या गटातला माल, म्हणजे इमारती लाकूड, लोणारी कोळसा, राळ, लाख, मोहफुलं वगैरे, जंगलातला असो वा नसो, तो वनोपजच. दुसऱ्या गटातला माल मात्र जंगलात सापडला किंवा जंगलातून आणला तरच वनोपज.

याचा अर्थ शेतकऱ्यानं स्वतःच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, लावलेला, स्वतः पाणी घातलेला बांबूसुद्धा तोडल्याक्षणी वनोपज होई. तो नागपूरला आणायचा तर वाहतूक परवाना लागे. परवान्यासाठी अर्ज, पाहणी, पंचनामा, शिक्का. परवाना नसेल तर नाक्यावर गाडी अडे. राज्याराज्यांनी काही जातींना, काही जिल्ह्यांना वेळोवेळी सूट दिली, पण कोणत्या बांबूला सूट आहे आणि कोणत्याला नाही, हे नाक्यावरच्या माणसाला पटवून देणं ही वेगळीच कसरत होती. वीस-पंचवीस बांबूंसाठी एवढी यातायात कोण करणार? ज्याच्याकडे ट्रक, दलाल आणि ओळख आहे तोच या धंद्यात टिकला.

त्याच कायद्यात नळाचं काय झालं, हे पाहण्यासारखं आहे. वनोपजाच्या दुसऱ्या गटात झाड नसलेल्या वनस्पती आहेत आणि तिथे गवत, वेली, शेवाळ यांच्यासोबत नळाचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे नळ गवताच्या रांगेत आणि बांबू सागवानाच्या. दोघांचं कूळ एकच. तळ्याकाठचा नळ कापून ताटी केली तर कोणी विचारणार नव्हतं, धुऱ्यावरचा बांबू कापला तर गुन्हा होऊ शकत होता. नळाची ताटी विदर्भात तरीही मोठा धंदा झाली नाही. इथला नळ तळ्यांच्या काठानं तुकड्या-तुकड्यांत वाढतो, त्याची कापणी ठरावीक हंगामात एकगठ्ठा करावी लागते, आणि बुरडाच्या हाताला बांबूची सवय. जो माल मोकळा होता त्याला कारागीर नव्हता आणि ज्याला कारागीर होता तो माल बांधलेला होता.

जंगलातल्या बांबूची कहाणी याहून कडवट आहे. मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजाराची गावावरची मालकी, होती तोवर गावाला निस्तारासाठी, म्हणजे घरगुती गरजेसाठी, जळण, चारा, बांबू मिळे. तो हक्क दयेवर होता की वहिवाटीवर, हे गावागणिक बदले. नागपूर तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी असताना, १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि ती जंगलं सरकारकडे आली. निस्तार कागदावर राहिला. त्याच सुमारास बल्लारपूरला कागद गिरणी उभी झाली होती आणि कागदाच्या लगद्याला लांब धाग्याचा बांबू उत्तम. पुढची कित्येक दशकं चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलाचे कूपच्या कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेले तुकडे, गिरणीला भाडेपट्ट्यानं गेले. बुरडाला मात्र नोंदणी करून, कार्ड दाखवून, डेपोवर सवलतीच्या दरातला कोटा घ्यावा लागे. डेपोत माल आला नाही तर हात बांधून बसायचं. गिरणीच्या बाजूनंही बोलता येईल. हजारोंना मजुरी मिळाली, जंगलात रस्ते झाले, आणि लेखनाचा कागद ही देशाची गरज होती. हे सगळं मान्य करूनही मला वाटतं की एकाच जंगलातला बांबू एकाला टनानं आणि दुसऱ्याला नगानं देताना कोणाचं काम आधी हे ठरवून टाकलेलं होतं. ते ठरवणाऱ्यांनी बुरडाला विचारलं नाही.

युरोपातल्या नळाचीही गत याहून फार वेगळी नव्हती. रोमानियातल्या डॅन्यूबच्या मुखाशी नळाचं अफाट रान आहे. १९५० आणि १९६० च्या दशकांत तिथेही नळ लगद्यासाठी यंत्रांनी कापला गेला, जड यंत्रांखाली मुळं चिरडली आणि नळाची वाढ खुंटली. तिथे तो पुन्हा छपराकडे आणि कुंपणाकडे वळू शकला, कारण नळानं छप्पर शाकारणारे कारागीर तिकडे टिकून होते.

२००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबूला गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातला इतर माल, म्हटलं आणि ते गोळा करून विकायचा हक्क गावाला दिला. आता एक कायदा बांबूला झाड म्हणत होता, दुसरा गौण वनोपज, आणि दोन्ही एकाच वेळी लागू. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. गावानं बांबू विकायचं ठरवलं तर परवाना मिळेना, कारण जुन्या व्याख्येप्रमाणे ते लाकूड. २०११ च्या मार्चमध्ये तेव्हाच्या केंद्रीय पर्यावरणमंत्र्यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबूला गौण वनोपज माना असं सांगितलं, आणि २७ एप्रिल २०११ रोजी वाहतूक परवान्यांचं पुस्तक मेंढ्याच्या ग्रामसभेच्या हाती आलं. पुढच्याच वर्षी चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला सुमारे हजार हेक्टरवर हक्क मिळाला आणि त्या गावानंही स्वतः बांबू काढून विकायला सुरुवात केली. माझ्या मते विदर्भाच्या बांबूच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा क्षण आहे, २०१७ च्या कायदादुरुस्तीपेक्षाही मोठा.

२३ नोव्हेंबर २०१७ रोजी अध्यादेश निघाला आणि झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला. संसदेनं लगेच त्यावर कायद्याची मोहोर उमटवली. बातम्यांचा सूर असा होता की बांबू आता मोकळा झाला. हे अर्धंच खरं आहे. जंगलाबाहेरचा, शेतातला बांबू मोकळा झाला. जंगलातला बांबू झाड राहिला नाही, तरी झाड नसलेली वनस्पती म्हणून वनोपजच राहिला, म्हणजे नळाच्या शेजारी जाऊन बसला. बुरडाला लागणारा बांबू बहुतांशी जंगलातला. त्याच्यासाठी डेपो, कोटा आणि परवाना तसेच राहिले. विरोधकांचं म्हणणं होतं की या दुरुस्तीचा खरा फायदा मोठ्या लागवडी करणाऱ्यांना आणि कारखान्यांना होईल. समर्थकांचं म्हणणं असं की शेतकरी बांबू लावतच नव्हता तो याच भीतीपायी, आता लावेल, आणि शेतातला बांबू वाढला की जंगलावरचा भारही हलका होईल. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. लावलेला बांबू तोडणीला यायला काही वर्षं जातात, त्यामुळे हिशेब सावकाशच लागेल.

बागेच्या कुंपणाची बाजारपेठ मात्र थांबून राहिली नाही. देशी ताटीला नियमित पुरवठा, एकसारखं माप, ठरलेला भाव नव्हता, आणि ते सगळं रीडच्या गुंडाळीत होतं. त्याच सुमारास हिरवी जाळी आली, मग प्लॅस्टिकची पानं लावलेली चौकट आली. नागपुरात पारा ४७ अंशांच्या वर गेलेला आहे. त्या उन्हात स्वस्त प्लॅस्टिकचा भुगा होतो आणि तो बागेच्या मातीतच राहतो. रीड उन्हात ठिसूळ होतो, मे महिन्यात एका ठिणगीनं पेटू शकतो, चार महिन्यांच्या पावसात काळा पडतो, आणि शिवणीची तार गंजली की काड्या एकेक करून गळतात. हे त्याचे दोष सांगावेत म्हणून लिहीत नाही, वापरणाऱ्याला माहीत असावेत म्हणून लिहितो. गच्चीवर स्वयंपाकाच्या शेगडीजवळ तो लावूच नये.

बांबूच्या ताटीलाही स्वतःची दुखणी आहेत. कोवळा बांबू तोडला की त्यातल्या पिठूळ अंशावर भुंगा तुटून पडतो आणि खाली भुशाचा सडा पडतो. म्हणून तीन वर्षं पूर्ण झालेला बांबू पावसाळ्यानंतर तोडायचा, काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवायचा, ही बुरडांची जुनी रीत. बोरिक-बोरॅक्सच्या द्रावणात मुरवणं ही नवी रीत, पण ते मीठ उघड्यावर पावसानं धुऊन जातं, त्यामुळे वरून तेल किंवा वॉर्निश लागतंच. मातीत गाडलेला खांब उधई सोडत नाही. आणि पश्चिम नागपूरची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यात उथळ रोवलेला कोणताही खांब दोन हंगामांत कलतो. लोखंडी अँगल खोल रोवून, ताटी जमिनीपासून चार बोटं वर बांधली तर ती निभावते.

२०१८-१९ मध्ये राष्ट्रीय बांबू अभियानाची फेररचना झाली आणि त्यासाठी अर्थसंकल्पात १,२९० कोटी रुपयांची घोषणा झाली. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबूचं प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं, तिथे फर्निचरपासून दागिन्यांपर्यंत सगळं शिकवतात. २०२३ मध्ये तर वणी-वरोरा महामार्गावर २०० मीटर लांबीचा बांबूचा अपघातरोधक कठडा बसवला गेला. त्यातला बांबू क्रिओसोट या लाकूड टिकवणाऱ्या तेलात मुरवून वर पुनर्वापराच्या प्लॅस्टिकचा थर दिलेला आहे, आणि इंदूरजवळ पीथमपूरला त्याच्या चाचण्या झाल्या होत्या. वेगानं येणारी गाडी अडवणारं कुंपण बांबूचं होऊ शकतं, तर बागेतला आडोसा त्यापुढे अवघड नाही. अडचण कारागिराची किंवा बांबूची नाही. नागपूरच्या बुरडाला वर्षभर, ठरलेल्या भावानं, तीन वर्षांचा मानवेल मिळण्याची अजून खात्री नाही, आणि ती मिळेपर्यंत तो मापाची ऑर्डर घ्यायला कचरतो. सध्या त्याच्याकडे ताटी हवी असेल तर पावसाळ्यानंतर लगेच सांगावं लागतं. मार्च उजाडला की त्याचे हात कूलरच्या ताट्यांत गुंतलेले असतात.