'कसं होईन?' याला उलट प्रश्न : चिंतेशी बोलण्याच्या पद्धतीची पार्श्वभूमी

सरकी टोबून आठवडा झाला, की कोरडवाहू घराघरांत एकच प्रश्न फिरू लागतो : 'आता कसं होईन?' मृगाची एक सर येऊन गेलेली असते, आभाळ कोरं असतं, कृषी केंद्राची उधारी वहीत चढलेली असते. रात्री दोन वाजता तोच प्रश्न पाय पसरतो. दुबार पेरणी आली तर? बियाण्याला पैसा कुठून? सोसायटीचं कर्ज थकलं तर पोरीचं लग्न? आणि सगळ्यांच्या मुळाशी, लोक काय म्हनतीन? पहाटेपर्यंत छाती धडधडते. सकाळी विचारलं तर माणूस एवढंच सांगतो, 'टेन्शन आहे.'

अशा विचारांना स्वतःच उलट प्रश्न करायचे, ही पद्धत आज समुपदेशनात सर्रास शिकवली जाते. ती कुठून आली, आणि विदर्भातल्या खेड्यात तिचा कोणता धागा धरावा, हे समजून घेण्यासारखं आहे.

प्रश्न विचारून समज तपासायची रीत सॉक्रेटिसाच्या नावाने ओळखली जाते, पण तो प्रश्न दुसऱ्यांना विचारायचा. पुढे इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात एपिक्टेटस या गुलामगिरीत वाढलेल्या तत्त्वज्ञाने सांगितलं, की माणसाला घटना त्रास देत नाहीत, घटनेबद्दलचं त्याचं मत त्रास देतं. मग तपासायचं ते स्वतःचं मत. मराठी घरात ही गोष्ट परकी नाही. 'जनी सर्व सूखी असा कोण आहे' असं रामदासांनी सतराव्या शतकात विचारलं, तेही थेट मनालाच, आणि उत्तर शोधायचं कामही त्याच्याकडेच सोपवलं.

वऱ्हाडाने प्रश्नाची ताकद पाहिली ती गाडगेबाबांच्या कीर्तनात. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेले बाबा वऱ्हाडी बोलीत समोरच्या गर्दीला सवाल करत आणि गर्दी उत्तर देई. कर्ज काढून सण करू नका, हे त्यांचं मत पक्कं होतं. तरी ते नुसतं सांगून मोकळे होत नसत, लोकांच्याच तोंडून वदवून घेत. बाबांचा रोख चिंतेवर नव्हता. पण दुसऱ्याने दिलेला सल्ला कानावरून जातो आणि आपल्याच तोंडून निघालेलं उत्तर मनाला चिकटतं, हे त्यांना मानसोपचाराच्या पुस्तकांआधी कळलं होतं, असं मला मनापासून वाटतं.

स्वतःच्या विचारांना प्रश्न करण्याची शास्त्रशुद्ध उपचारपद्धत झाली ती अमेरिकेत, दोन वाटांनी. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी मनोविश्लेषण सोडून १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धत सुरू केली. एपिक्टेटसचं ऋण ते उघड मान्य करत. फिलाडेल्फियाचे मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी साठच्या दशकात असं पाहिलं, की रुग्ण एक बोलत असतो तेव्हा त्याच्या मनात दुसरेच विचार आपोआप धावत असतात. ते विचार पकडून कागदावर उतरवायचे आणि विचारायचं : याला पुरावा काय? याकडे दुसऱ्या रीतीने पाहता येईल का?

दोघांची नावं एका दमात घेतली जातात, पण आपल्यासाठी त्यांच्यातला फरकच मोलाचा आहे. बेक यांचा पहिला प्रश्न असतो, 'हे खरंच होईल का?' परीक्षेच्या भीतीला, किंवा 'बायको फोन उचलत नाही म्हणजे अपघात झाला' या विचाराला तो चांगला लागू पडतो. पण ज्याने २०१७ साली गुलाबी बोंडअळीने पऱ्हाटीची बोंडं किडताना पाहिली, त्याला 'पीक जाईल याला पुरावा काय' असं विचारणं म्हणजे त्याच्या जखमेवर मीठ. पुरावा त्याच्या वावरातच पडलेला आहे.

तिथे एलिस कामाला येतात. ते म्हणत, आधी समजा की वाईट तेच झालं. पीक गेलं. आता विचारा : पीक गेलं म्हणजे मी कुचकामी ठरलो, हे कुठे लिहिलंय? गावाने नावं ठेवू नयेत असं मला वाटतं, ठीक. पण ठेवूच नयेत, हा हट्ट कशाच्या बळावर? नावं ठेवली तर वाईट वाटेल, की जगणंच अशक्य होईल? नुकसान नुकसानच राहतं. पण त्याला जोडून आलेलं 'मी संपलो' हे वाक्य त्यातून सुटं होतं, आणि मग उद्या बँकेत कोणाला भेटायचं, हे सुचायला डोक्यात जागा होते. आपल्याकडे शिकवताना हीच वाट आधी दाखवावी, असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न कोणताही चालतो असं मात्र नाही. 'माझ्याच वाट्याला का?' हासुद्धा प्रश्नच, पण त्याला उत्तर नसतं आणि तो रात्रभर दळण दळत बसतो. प्रश्न असा हवा, की त्याच्या उत्तराने एखादं काम तरी ठरेल किंवा एखादी समजूत ढिली होईल.

एलिस यांची पद्धत भारतात रुजवण्यात मुंबईच्या कि. मो. फडके यांचा वाटा मोठा. एलिस यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार अनेक वर्षं चालला. खेड्यापर्यंत मानसिक आरोग्याची मदत पोहोचायला मात्र बराच उशीर झाला. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पाने स्थानिक कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन घरोघरी पाठवलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. तिथे सगळा भर अशा प्रश्नांवर नव्हता, पण गावातलंच, ओळखीचं माणूस ओट्यावर बसून ऐकून घेतं तेव्हा लोक बोलतात, हे त्यातून दिसलं. आशाताई असो की शेजारची जाऊबाई, सुरुवातीला प्रश्न दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागतात. सवय झाली की माणूस ते स्वतःला विचारू लागतो.

जेवण तुटलं असेल, झोप पार उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर एकट्याने प्रश्न विचारत बसू नये. घरच्यांनीही त्या माणसाला एकटं सोडू नये. सरकारी टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. तो दिवसरात्र लागतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.