पार्श्वभूमी : सीएनसीची किल्ली कुणाच्या हातात?

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, काकती, होनगा या पट्ट्यातल्या तंत्रज्ञान-उद्योगांचे जुने प्रमुख बोलायला लागले की तीन विषयांवर येतातच : माणसं, गिऱ्हाईक आणि बदलतं तंत्रज्ञान. बाहेरच्याला ते ठरावीक भाषण वाटतं. पण या बोलण्यामागे खराखुरा वाद आहे : सीएनसीची, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीनची, किल्ली कुणाकडे असावी. तो नव्वदीच्या उत्तरार्धात आणि २००० नंतरच्या काही वर्षांत इथल्या शॉप फ्लोअरवर झाला. तो माहीत असला की ही मंडळी कशाबद्दल इतक्या कळकळीनं बोलतात ते उमगतं.

सुरुवात फार मागे नेता येते. १८८८ मध्ये बेळगावात किर्लोस्करांचं सायकलींचं दुकान निघालं, त्यातून पुढे कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर आले. लोखंडानं जमीन नासते असं शेतकऱ्यांना वाटे, त्यामुळे पहिले नांगर बराच काळ पडून होते. नगरपालिकेनं जागा सोडायला लावली आणि १९१० मध्ये कारखाना औंध संस्थानातल्या माळरानावर गेला. शहराला ही चुटपुट अजून आहे.

१ नोव्हेंबर १९५६ चं राजकारण इथल्या वाचकाला सांगायची गरज नाही. उद्योगापुरतं म्हणायचं तर कचेऱ्या मुंबईहून बंगळूरला गेल्या, गिऱ्हाईक मात्र कोल्हापूर-पुण्याकडेच राहिलं. माल कोगनोळी नाक्यावरून जायचा आणि पार्टीकडून, म्हणजे गिऱ्हाइकाकडून, सी फॉर्म (परराज्यातल्या विक्रीला कमी दरानं कर लागावा म्हणून खरेदीदारानं द्यायचा कागद) वेळेत आला नाही तर कराचा फरक विकणाऱ्याच्या गळ्यात पडायचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी येईपर्यंत हे चाललं. सरहद्दीवरच्या कारखानदाराला गिऱ्हाइकाशी संबंध जपण्याची जी सवय आहे, तिचं एक मूळ या कागदांच्या पाठपुराव्यातही आहे.

नव्वदीपर्यंत उद्यमबागेत बव्हंशी साधी लेथ होती, राजकोट किंवा बटाला बनावटीची. कास्टिंगचं मशीनिंग, हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्हचे भाग, इंजिनाचे सुटे भाग अशी कामं. हायड्रॉलिक व्हॉल्व्हमधला स्पूल (आत सरकणारा दांडा) आणि त्याचं बोअर (तो बसतो ते भोक) यांच्यात काही मायक्रॉनचीच, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागांचीच, फट ठेवावी लागते. जास्त झाली तर तेल गळतं, कमी झाली तर स्पूल अडकतो. ही फट सांभाळायची ती मिस्त्रीच्या हातानं. कारखान्याची पत म्हणजे त्याच्या चार-पाच जुन्या टर्नरची, म्हणजे लेथवरच्या कारागिरांची पत, असा हिशेब होता. पार्टीही नाव घेऊन विचारायची की माझा जॉब कुणाकडे लावलाय.

उदारीकरणानंतर मशीनच्या आयातीवरचं शुल्क उतरलं, बंगळूरच्या कारखान्यांतूनही सीएनसी लेथ मिळू लागली. पुण्याच्या वाहन-उद्योगाला हजारो नग एकसारखे हवे होते आणि मिस्त्रीचा हात कितीही सरस असला तरी तिसऱ्या पाळीत थकायचा. कर्ज काढून मशीनं आली, आणि मशीनबरोबर आली ती छोटी किल्ली.

किल्लीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळा वाद तिच्याभोवतीच झाला. सीएनसीच्या कंट्रोल पॅनेलवर प्रोग्रामच्या संरक्षणासाठी किल्लीचा स्विच असतो. तो बंद असला की मशीन चालतं, पण प्रोग्राममध्ये बदल करता येत नाही. काही मशीनवर ऑफसेटही त्याच किल्लीत अडकतात. ऑफसेट म्हणजे टूल नेमकं कुठे आहे हे कंट्रोलला सांगणारा आकडा. टर्निंग करताना इनसर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, झिजत जातो, बाहेरचा व्यास हळूहळू वाढत जातो, आणि मग वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे झीज भरून काढायच्या आकड्यात, पाच-दहा मायक्रॉन वजा करावे लागतात. २५ मिलिमीटरच्या शाफ्टला ड्रॉइंगवर एच-सात टॉलरन्स (मापात चालणारा फरक) असेल तर वरून शून्य आणि खाली एकवीस मायक्रॉन एवढीच मुभा असते. त्यात सकाळी मशीन थंड असतं, तासाभरानं स्पिंडल (जॉब फिरवणारा मुख्य दांडा) आणि स्क्रू तापले की माप सरकतं. हे सरकणं पहिल्यांदा कळतं ते मशीनसमोर उभं राहून मायक्रोमीटर लावणाऱ्याला.

मग किल्ली कुणाकडे ठेवायची? सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये, की ऑपरेटरच्या खिशात?

ड्रॉवरच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं अगदी पोकळ नव्हतं. आयएसओची प्रमाणपत्रं यायला लागली होती आणि ऑडिटर विचारायचा की प्रोग्राम कुणी बदलला, कधी बदलला, नोंद कुठे आहे. वाहन-उद्योगातल्या पार्ट्या आधी नमुने आणि प्रक्रिया मंजूर करायच्या. मंजुरीनंतर न विचारता केलेला बदल म्हणजे कराराचा भंग. वजाबाकीचं चिन्ह चुकलं किंवा दशांश चिन्ह इकडचं तिकडं झालं तर टूल थेट चकवर, म्हणजे जॉब धरणाऱ्या पकडीवर, आदळतं, आणि त्या काळात स्पिंडलची दुरुस्ती म्हणजे कर्जाचा हप्ता चुकणं.

तरीही माझ्या मते ड्रॉवरचा निर्णय चुकीचा होता आणि त्याची किंमत इथल्या उद्योगानं मोजली. वीस-पंचवीस वर्षं लेथवर काढलेल्या टर्नरला एका दिवसात फक्त बटण दाबणारा केलं गेलं. माप सरकतंय हे त्याला दिसायचं, पण रात्रपाळीला सुपरवायझर नाही, किल्ली नाही. मग तो एकतर मशीन थांबवायचा आणि उत्पादन कमी म्हणून बोलणी खायचा, नाहीतर नग तसेच पेटीत टाकायचा. लॉट पुण्याला जायचा, तिथे चांगले-वाईट नग निवडायचं सॉर्टिंग व्हायचं, आणि खर्च वसुलीची डेबिट नोट बेळगावात यायची. जाण्यायेण्याचं भाडं, सॉर्टिंगची मजुरी, सगळं त्यात. पार्टीला मायक्रॉनचं कारण ऐकायचं नसतं, तिची असेंब्ली लाइन थांबलेली असते.

ज्या प्रमुखांची नावं आज आदरानं घेतली जातात, त्यांच्यातल्या काहींनी मधला रस्ता काढला. प्रोग्राम बंद, पण वेअर ऑफसेट ठरावीक मर्यादेपर्यंत खुला. दर किती नगांनी मोजायचं याचा तक्ता मशीनवर चिकटवला आणि केलेला प्रत्येक बदल वहीत लिहायला सांगितला. तक्त्यातले आकडे इंग्रजीत, समजावणं मराठीत नाहीतर कन्नडमध्ये, समोरचा ज्या भाषेत पटकन धरेल त्या भाषेत. रस्त्यावर पाट्यांवरून केवढाही तणाव असला तरी शॉपमध्ये दोन्ही भाषा एकाच वाक्यात नांदत आल्या आहेत, आणि ही गोष्ट कौतुकानंच सांगायला हवी. वहीतल्या नोंदींवरून पुढे कळू लागलं की कुठला इनसर्ट किती नग टिकतो. जुन्या टर्नरचं ज्ञान प्रथमच कागदावर आलं.

१९९८ मध्ये तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय बेळगावात आलं, अभियंते वाढले, त्यातले बरेच पुण्या-बंगळूरला गेले. पुढे महामार्गावर हत्तरगीला विमानांच्या भागांचं विशेष आर्थिक क्षेत्र उभं राहिलं आणि वाद पुन्हा पेटला. विमानाच्या भागांत पहिला नग पूर्ण तपासून मंजूर झाला की प्रक्रिया गोठवतात. टूलचा क्रम बदलायचा तरी नव्यानं तपासणी आणि मंजुरी लागू शकते. म्हणजे किल्ली परत ड्रॉवरमध्ये. इथे तो आग्रह रास्त आहे, आकाशात जाणाऱ्या भागाला तडजोड चालत नाही. पण त्याच शिस्तीची नक्कल साध्या व्हॉल्व्हच्या कामात करणारे कारखाने निघाले आणि जुनी चूक परत झाली.

गिऱ्हाइकाच्या बाजूनंही या भागाला वेगळी परीक्षा द्यावी लागते. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकवर दगडफेक झाली. अशा दिवसांत पुण्याच्या पार्टीला माल वेळेवर पोचेल याची खात्री द्यायची ती इथल्या माणसानं फोनवर, आणि ती पाळायची ड्रायव्हरनं रात्रीतून. बंदचा सुगावा लागला की माल एक दिवस आधी काढायचा, हा नियम कुठल्याही प्रमाणपत्रात लिहिलेला नाही.

आता किल्लीची जागा बऱ्याच मशीनवर पासवर्डनं घेतली आहे. मशीनमधला प्रोब (माप घेणारी सुई) स्वतः मोजतो, ऑफसेट स्वतः दुरुस्त होतो आणि मशीन का थांबलं याचं कारण ऑपरेटरनं पडद्यावरच्या यादीतून निवडायचं असतं. यादी बहुधा इंग्रजीत असते आणि घाईत पहिलाच पर्याय दाबला जातो, त्यामुळे वर कचेरीत दिसणारा आलेख नीटनेटका पण खोटा. प्रत्येक नगाची मोजमापं फाइलमधून मागणाऱ्या पार्ट्या वाढल्या आहेत. म्हणून काही कारखान्यांत कुणी काय, किती मायक्रॉनपर्यंत बदलायचं याचा तक्ता नव्यानं लिहायचं चाललं आहे, आणि तो लिहिताना खानापूर, निपाणीकडून येणाऱ्या पाळीतल्या ऑपरेटरांना सोबत बसवावं, यादीही त्यांच्याच शब्दांत करावी, असा आग्रह जुने प्रमुख धरत आहेत.