नेटरनर

नेटरनर : दोन भिडूंनी खेळायचा, विज्ञानकथेच्या पार्श्वभूमीवरचा पत्त्यांचा खेळ. ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाचे जनक, गणितज्ञ रिचर्ड गारफील्ड यांनी तो रचला आणि १९९६ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट या अमेरिकी कंपनीने बाजारात आणला. भविष्यातली बलाढ्य कंपनी (कॉर्प) आणि तिच्या संगणकांत घुसणारा हॅकर (रनर) यांच्यातला हा सामना. शिकायला अवघड अशी त्याची ख्याती आहे आणि ती खरी आहे. मात्र नियम फार आहेत म्हणून तो जड जात नाही. दोन भिडूंचे नियमच निरनिराळे आहेत म्हणून जातो.

रमीत समोरचा जे करतो तेच आपल्यालाही करायचे असते, त्यामुळे नुसते पाहूनही बरेचसे उमगते. इथे ती सोय नाही. कॉर्प दर पाळीला एक पत्ता सक्तीने उचलते आणि मग तिला तीन क्लिक, म्हणजे तीन कृती मिळतात, रनरला चार. कॉर्प पत्ते पालथे मांडते, रनर सुलटे. ‘एजेंडा’ नावाच्या पत्त्यांवर पैसे आणि क्लिक खर्चून कॉर्पने सात गुण मिळवायचे. रनरने तेच एजेंडा चोरून सात गुण करायचे. कॅट संपला आणि पत्ता उचलता आला नाही, तर कॉर्प हरते. हातातल्या पत्त्यांपेक्षा जास्त इजा झाली (एका इजेला हातातला एक पत्ता जातो), तर रनर तिथेच संपतो.

खेळाचा गाभा म्हणजे ‘रन’. एक क्लिक देऊन रनर कॉर्पच्या कोणत्याही सर्व्हरवर, म्हणजे तिने पत्ते ठेवलेल्या जागेवर, चाल करू शकतो, आणि कॉर्पच्या हातातले पत्ते, तिचा कॅट, टाकलेले पत्ते हेही सर्व्हरच असतात. हातावर चाल केली की त्यातला कोणताही एक पत्ता न पाहता निवडायचा, कॅटवर केली की सर्वांत वरचा बघायचा. म्हणजे हातात एजेंडा धरून बसणेही कॉर्पला धोक्याचे. वाटेत ‘आईस’ हे संरक्षक पत्ते पालथे असतात. ते उलगडायला कॉर्पला पैसे मोजावे लागतात, आणि ते भेदायला रनरकडे त्या जातीचा आईसब्रेकर लागतो.

नवा रनर हमखास एक चूक करतो : सगळे आईसब्रेकर जमेपर्यंत रन करतच नाही. तोवर कॉर्प निवांत गुण गोळा करते. दोघांचाही डाव पाच क्रेडिटांवर, म्हणजे खेळातल्या पैशांवर, सुरू होतो, म्हणून आरंभी कॉर्पकडे आईस उलगडायलाच पैसा अपुरा असतो. अशा वेळी आईसब्रेकरशिवाय केलेली रनसुद्धा वाया जात नाही. कॉर्पने तिच्यापायी चार क्रेडिट खर्चले, तर तेवढाच तिचा एजेंडा लांबला. पैशाचे हे गणित बोटांवर यायला हवे. साध्या एका क्लिकला एक क्रेडिट मिळते. रनरचा ‘शुअर गॅम्बल’ किंवा कॉर्पचा ‘हेज फंड’ पाच घेऊन नऊ देतो, म्हणजे एका क्लिकमध्ये चारांचा नफा.

यापुढची पायरी हूल ओळखण्याची, आणि खेळाची खरी गोडी तिथेच आहे. समजा, कॉर्पने आईसमागे एक पत्ता पालथा मांडला आणि उरलेल्या दोन क्लिकमध्ये दोन क्रेडिट देऊन त्यावर दोन खुणा ठेवल्या. तो तीन खुणा झाल्यावर गुण देणारा एजेंडा असेल तर पुढच्याच पाळीत तिचे गुण पक्के. पण तो ‘उर्टिका सायफर’ हा सापळा असेल, तर त्याला हात लावणाऱ्या रनरला मुळातली दोन आणि खुणांची दोन अशी चार इजा होते. हातात तीनच पत्ते असलेला रनर मेला. म्हणून जाणता रनर आधी दोन क्लिक देऊन दोन पत्ते उचलतो, हात पाचाचा करतो आणि मगच घुसतो. एकदा कॉर्प होऊन स्वतः असा सापळा लावून पाहिला, की रनर म्हणून तो लवकर ओळखू येतो. म्हणूनच दर डावानंतर बाजू बदलणे ही शिकण्याची सर्वांत चांगली रीत आहे.

मूळ खेळाची पाकिटे बंद असत. आत कोणते पत्ते निघतील ते नशिबावर. नवख्याला ही मोठीच अडचण होती, कारण नियम उमगण्याआधीच खर्च वाढत जाई. २०१२ मध्ये फँटसी फ्लाइट गेम्सने लुकास लिट्झिंगर यांच्याकरवी खेळाची नवी रचना करून ‘अँड्रॉइड : नेटरनर’ काढला, तेव्हा पाकिटांतले पत्ते ठरावीक झाले. परवाना संपल्याने २०१८ मध्ये तोही बंद पडला. चाहत्यांनी मात्र खेळ मरू दिला नाही. त्यांनी स्थापन केलेली विनानफा संस्था, आताची नल सिग्नल गेम्स, नवे पत्ते रचते आणि घरी छापता येतील अशा फाइली मोफत देते.

तिचा २०२१ चा ‘सिस्टम गेटवे’ हा संच नवख्यांसाठीच आहे. त्यात दोन छोटे तयार कॅट आहेत आणि सुरुवातीचे डाव सातांऐवजी सहा गुणांचे. ते सरावाचे झाल्याशिवाय स्वतःचा कॅट बांधायला घेऊ नये. किमान ४५ पत्त्यांचा कॅट, त्यात कॉर्पच्या बाजूने २० किंवा २१ गुणांचे एजेंडा, हे प्रमाण कोणत्या डावपेचाला कसे पेलते, ते हरलेल्या डावांतूनच कळत जाते.