रायफलची गोळी शरीरात शिरल्यावर काय होतं?

अमेरिकेत शाळेत गोळीबार झाला की सगळी चर्चा एआर-१५ या रायफलवर येऊन थांबते. २४ मे २०२२ रोजी टेक्सासमधल्या युवाल्डीच्या प्राथमिक शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या, तेव्हाही तेच झालं. बंदुकांचे समर्थक अशा वेळी आकडे पुढे करतात, आणि ते आकडे खरे आहेत. एफबीआयच्या २०१९ च्या नोंदींत बंदुकीने झालेल्या १०,२५८ खुनांपैकी ६,३६८ पिस्तूल-रिव्हॉल्व्हरने झाले, रायफलने ३६४. (सुमारे ३,३०० खुनांत बंदुकीचा प्रकार नोंदलेलाच नाही.) मग शल्यचिकित्सक रायफलच्या जखमेला एवढे का घाबरतात?

शाळेतलं सूत्र आठवा. गतिज ऊर्जा वस्तुमानाच्या पटीत वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत. पिस्तुलाची ९ मिलिमीटरची गोळी साधारण ८ ग्रॅमची, वेग सेकंदाला ३६० मीटर, ऊर्जा ५०० ज्यूलच्या आसपास. एआर-१५ ची गोळी जेमतेम साडेतीन ग्रॅमची, पण वेग साडेनऊशे मीटरच्या पुढे आणि ऊर्जा १,७०० ज्यूलच्या घरात. काडतुसात दारू चौपटीहून जास्त असते आणि नळी लांब, त्यामुळे वायूंना गोळी ढकलायला जास्त अंतर मिळतं.

खरी गंमत पुढे आहे. पिस्तुलाची गोळी वाटेत येईल ते चिरडत साधारण आपल्या जाडीएवढं भोक पाडते. रायफलची गोळी ऊतींना वेगाने बाजूला फेकते. तिच्या मागे काही मिलिसेकंद टिकणारी, गोळीच्या कितीतरी पट रुंद पोकळी उघडते आणि मिटते. स्नायू आणि फुफ्फुस लवचीक असल्याने बरेचदा ताणून पुन्हा जागेवर येतात. यकृत आणि प्लीहा मात्र फाटतात. हवेत गोळीचं टोक पुढे राहतं ते नळीतल्या आट्यांनी दिलेल्या गिरकीमुळे. पण शरीर हवेच्या सुमारे ८०० पट दाट असतं, तिथे ती गिरकी पुरत नाही. गोळी आडवी होते, अनेकदा तिचे तुकडे होतात. तुकड्यांनी आधीच भोकं पाडलेली ऊती पोकळीच्या ताणाने उसवत जाते. अशी जखम नुसती शिवून भागत नाही.

सिनेमात गोळी लागलेला माणूस मागे उडून पडतो, ते साफ खोटं आहे. संवेगाचं गणित केलं तर या गोळीने ७० किलोच्या माणसाला मिळणारा वेग सेकंदाला फार तर ५ सेंटिमीटर. मारते ती फाटाफूट आणि रक्तस्राव.

तरीही एवढ्यावरून पिस्तूल सौम्य ठरवणं मला धोकादायक वाटतं. ते कमरेला लपतं, उशाच्या खणात मावतं. २००७ साली व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जणांचे जीव दोन पिस्तुलांनी गेले. शिवाय २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने झालेल्या ४८,८३० मृत्यूंपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या. नळी कपाळाला टेकवलेली असताना ५०० आणि १,७०० ज्यूलमधला फरक उरतच नाही.

१९९४ ते २००४ या काळातल्या केंद्रीय बंदीचा रोख मुख्यतः ठरावीक रायफली आणि १० पेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनांवर होता. साधी पिस्तुलं मोकळीच राहिली. पुढे २००८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वॉशिंग्टन शहराची पिस्तूलबंदी रद्द केली आणि स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल ठेवणं हा घटनादत्त हक्क ठरवला.