नुकसानभरपाईची मागणी आणि वानुआतूचे सरकार

हवामान बदलाबाबत देशांची कायदेशीर जबाबदारी काय, यावर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २३ जुलै २०२५ रोजी एकमताने आपले मत दिले. हा प्रश्न तिथवर नेण्यात पुढाकार होता वानुआतूच्या सरकारचा. प्रशांत महासागरातला हा ऐंशीएक बेटांचा, तीनेक लाख वस्तीचा देश १९८० साली ब्रिटन आणि फ्रान्सच्या संयुक्त अमलातून स्वतंत्र झाला. नुकसानभरपाईची त्याची मागणी मात्र या प्रकरणाहून खूप जुनी आहे.

१९९० साली छोट्या बेटांच्या देशांनी आघाडी उभारली. तिचे पहिले अध्यक्ष झाले वानुआतूचे संयुक्त राष्ट्रांतील राजदूत रॉबर्ट व्हॅन लिएरॉप. पहिल्या हवामान कराराच्या वाटाघाटी चालू असतानाच, १९९१मध्ये, वानुआतूने आघाडीच्या वतीने एक प्रस्ताव ठेवला. समुद्राची पातळी वाढून ज्यांचे नुकसान होईल, त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय विमा निधी उभारायचा आणि त्यात पैसे घालायचे औद्योगिक देशांनी. निम्मी वर्गणी राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात, निम्मी कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनाच्या प्रमाणात. हे सूत्र मनाने काढलेले नव्हते. अणुअपघातांच्या भरपाईसाठी युरोपीय देशांनी १९६३मध्ये ब्रुसेल्सला एक करार केला होता, त्याच्या धर्तीवर ते बेतले होते. तिथे उत्पन्नासोबत अणुभट्ट्यांची क्षमता मोजली जाई, इथे उत्सर्जन. श्रीमंत देशांनी आपसात मान्य केलेले तत्त्व बेटांनी मागितल्यावर मात्र नाकारले गेले. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जास्त खुपते ते हेच. १९९२च्या करारात विम्याचा नुसता उल्लेख उरला.

पुढची वीस वर्षे चर्चेचा मुख्य भर उत्सर्जन कपातीवर राहिला. मार्च २०१५मध्ये पॅम चक्रीवादळ वानुआतूवर आदळले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष बाल्डविन लॉन्सडेल जपानमध्ये सेंदाई इथे आपत्ती निवारणाच्याच जागतिक परिषदेला गेले होते. तिथूनच त्यांनी जगाकडे मदत मागितली. वादळाचे नुकसान देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे ६४ टक्के भरले. त्याच वर्षी पॅरिस कराराच्या आठव्या कलमात ‘हानी आणि नुकसान’, म्हणजे हवामान बदलाने होणारे नुकसान, आले खरे, पण या कलमाच्या आधारे भरपाईचा दावा करता येणार नाही, असे सोबतच्या ठरावात लिहून घेतले गेले. अशा नुकसानीसाठी स्वतंत्र निधीला मान्यता मिळायला २०२२ची शर्म अल-शेखची परिषद उजाडावी लागली, आणि त्यातली वर्गणीही ऐच्छिकच.

दरम्यान, २०१९मध्ये पोर्ट व्हिला इथल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी न्यायालयाचा मार्ग सुचवला होता. तेव्हाचे परराष्ट्रमंत्री राल्फ रेगेनवानू यांनी तो उचलून धरला. मार्च २०२३च्या सुरुवातीला ज्युडी आणि केव्हिन ही दोन वादळे दोन-तीन दिवसांच्या अंतराने देशावर येऊन गेली, आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने न्यायालयाचे मत मागणारा वानुआतूचा ठराव मतदान न घेता, सर्वसंमतीने स्वीकारला. १३० हून अधिक देश त्याचे सहप्रायोजक होते.

डिसेंबर २०२४च्या सुनावणीत मोठ्या उत्सर्जक देशांनी, आणि भारतानेही, हवामान करारांपलीकडे नव्या जबाबदाऱ्या नकोत अशी भूमिका घेतली. भारताची विकासाची गरज खरी आहे, तरी बेटांच्या बाजूने आपण अधिक ठाम बोलायला हवे होते, असे मला वाटते. नव्या जबाबदाऱ्या नकोत हा युक्तिवाद न्यायालयाने मानला नाही. हवामानाचे रक्षण करणे हे प्रथागत आंतरराष्ट्रीय कायद्यानेही (लेखी करारांतून नव्हे, तर देशांच्या रूढ वर्तनातून बनलेल्या नियमांनीही) बंधन आहे, आणि ते मोडल्याने नुकसान झाल्याचा पुरेसा थेट संबंध दाखवता आला तर भरपाईही द्यावी लागू शकते, असे त्याने सांगितले. मत सल्लागार स्वरूपाचे आहे, सक्तीचे नाही. पण वाटाघाटींत आणि देशोदेशीच्या न्यायालयांत त्याचा आधार घेता येतो.