खिशात मावणारं रिव्हॉल्व्हर हवंय? शस्त्र परवान्याचा अर्ज कुठे अडतो ते आधी पाहा

स्वसंरक्षणासाठी परवाना मागायला येणाऱ्या बहुतेकांनी हत्यार आधीच पसंत केलेलं असतं. वजनाला हलकं, खिशात मावणारं, शर्टाखाली दिसणार नाही असं एखादं रिव्हॉल्व्हर मोबाईलवर पाहून ठेवलेलं असतं आणि अर्ज त्याच्या नादात लिहिला जातो. पहिली चूक इथेच होते. अमेरिकेतल्या व्हिडिओंमध्ये दाखवतात ती छोटी रिव्हॉल्व्हर बहुधा .३८ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप) असतात, पिस्तुलं ९ मिलिमीटरची. आपल्याकडे हे दोन्ही प्रतिबंधित बोअर आहेत. त्यांचा परवाना देण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे आहे, जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त तो देऊच शकत नाहीत. अर्जात ‘अप्रतिबंधित बोअर, रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल’ एवढंच लिहा. प्रत्यक्षात त्याचा अर्थ .३२ बोअर, क्वचित .२२. कंपनी आणि मॉडेल परवाना मिळाल्यावर ठरवा.

वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल, तर शिक्षा संपल्यावर ५ वर्षं परवाना मिळत नाही. चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून दिला असेल, तर त्याची मुदत संपेपर्यंत मिळत नाही. पात्रतेचं एवढंच, आणि अर्ज फेटाळले जातात ते सहसा यावरून नाही.

खरा अडथळा: कारण

शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम १३ नीट वाचायला हवं. संरक्षणासाठी किमान २० इंच नळीची साधी बंदूक, म्हणजे आतून गुळगुळीत नळी असलेली, मागितली तर कायद्याचा कल परवाना देण्याकडे आहे. रिव्हॉल्व्हरला तसं नाही. तिथे ‘योग्य कारण’ आहे याची परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. शस्त्र नियम २०१६ मध्ये ते कारण कसं असावं हेही सांगितलं आहे: धंदा, पेशा, नोकरी यांच्या स्वरूपामुळे जीव आणि मालमत्ता जपण्याची खरी गरज.

आता लोक काय लिहितात? ‘मी व्यावसायिक असून मला रात्री-अपरात्री प्रवास करावा लागतो, तरी परवाना मिळावा.’ असं वाक्य असलेले अर्ज कार्यालयात गठ्ठ्याने येतात आणि गठ्ठ्याने परत जातात. तुमची रोकड किती वेळा, कुठून कुठे जाते? सराफीचं दुकान आहे का, पेट्रोल पंप आहे का? बँकेच्या भरण्याच्या पावत्या आहेत का? धमकी आली असेल तर कोणाची, कधीची, आणि तुम्ही पोलीस ठाण्यात गेलात का?

धमकीचा कागद बहुतेकांकडे नसतो. माणूस खरोखर घाबरलेला असतो, जमिनीच्या वादात दारात येऊन कोणी शिवीगाळ केलेली असते, फोन आलेले असतात. पण ‘उगाच कशाला वाढवायचं’ म्हणून तक्रार केलेली नसते. मग परवान्याचं मनात आलं की आठवड्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, नोंदवली जाते आणि तिच्या पाठोपाठ अर्ज येतो. चौकशी अधिकाऱ्याला तारखा कळतात. कृपा करून धमकी आली की त्याच वेळी तक्रार द्या, साधी अदखलपात्र असली तरी द्या आणि तिची प्रत जपून ठेवा. परवाना मिळो न मिळो, तो कागद तुमच्या कामाचा आहे.

शेतकऱ्यांना एक कळकळीची सूचना. ‘शेतात बिबट्या येतो, रानडुकरं पीक उद्ध्वस्त करतात’ हे कारण देऊन रिव्हॉल्व्हर मागू नका. तुमची अडचण खोटी नाही, पण कागद चुकीचा आहे. पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची आणि ती पुरत नसेल तर साध्या नळीच्या बंदुकीची वेगळी तरतूद आहे. शिवाय बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्यासाठी हत्यार हवं असं लिहिलेला अर्ज तुम्हालाच अडचणीत आणतो.

‘माझ्या नावावर काहीच नाही, मला कोण परवाना देणार?’ असंही कित्येक जण विचारतात. कलम १४ स्पष्ट सांगतं की केवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्या कारणावरून परवाना नाकारता येत नाही. तरीही बऱ्याच ठिकाणी मागच्या काही वर्षांची आयकर विवरणपत्रं मागतात. ती असतील तर जोडा. नसतील तर उत्पन्नाचा साधन-स्रोत साध्या शब्दांत लिहून द्या, पण अर्ज मागे घेऊ नका.

कागदपत्रं

अर्ज ए-१ नमुन्यात, राष्ट्रीय शस्त्र परवाना पोर्टलवर भरायचा. तो भरला म्हणजे काम झालं असं समजून महिनोन्‌महिने वाट पाहणारे आहेत. त्याची छापील प्रत सही करून, कागदपत्रं जोडून कार्यालयात द्यावी लागते आणि पोच घ्यावी लागते. फोटो, जन्मतारखेचा पुरावा, आधार, राहण्याचा पुरावा हे नेहमीचंच.

कार्यालय कोणतं, इथेही लोक चुकतात. आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त, बाकी ठिकाणी जिल्हादंडाधिकारी म्हणून जिल्हाधिकारी. हद्दी बदललेल्या आहेत: पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय २०१८ मध्ये झालं, मीरा-भाईंदर, वसई-विरारचं २०२० मध्ये. जुन्या माहितीवर फाईल भलत्याच टेबलावर जाते आणि ती परत पाठवण्याची घाई कोणालाच नसते.

दोन कागद मात्र आधीपासून जमवायला लागा. एक, एस-३ नमुन्यातलं वैद्यकीय प्रमाणपत्र. साधं ‘फिट’ लिहिलेलं चालत नाही. मानसिक आणि शारीरिक तंदुरुस्ती, आणि दारू किंवा अमली पदार्थांच्या आहारी नसल्याचा स्पष्ट उल्लेख त्यात हवा. दुसरा, एस-१ नमुन्यातलं शस्त्र सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. हा कागद जवळजवळ कोणाकडेच नसतो. हौशी शूटिंग क्लासचं रंगीत सर्टिफिकेट जोडून काही होत नाही, मान्यताप्राप्त प्रशिक्षकाचंच लागतं. तुमच्या भागात ते कोण देतं हे परवाना शाखेत लेखी विचारा. तोंडी विचारलं तर दर वेळी वेगळं उत्तर मिळतं, आणि याचा त्रास अर्जदाराने का सोसायचा?

प्रतिज्ञापत्रात गुन्ह्यांचा रकाना असतो. जुन्या आंदोलनातला गुन्हा, भावकीतली मारामारी, सगळं लिहा. सुटका झाली असेल तर निकालाची प्रत जोडा. गुन्हा असल्यामुळे जेवढे अर्ज बुडतात त्याहून जास्त तो लपवल्यामुळे बुडताना दिसतात. पोलीस ठाण्याच्या दप्तरात तो असतोच.

पोलीस अहवाल आणि मुदत

‘६० दिवसांत परवाना मिळतो’ असं जे सांगतात, त्यांनी नियम अर्धाच वाचलेला असतो. पोलिसांनी ३० दिवसांत अहवाल द्यायचा, आणि तो पोहोचल्यापासून ६० दिवसांत अधिकाऱ्याने निर्णय घ्यायचा. म्हणजे अर्जाच्या तारखेपासून ६० मोजून भांडायला जाऊ नका. पण अहवालच आला नाही म्हणून फाईल पडून असेल, तर गप्पही बसू नका. मुदतीत अहवाल न आल्यास त्याची वाट न पाहता आदेश देता येतो, असं कलम १३ मध्येच म्हटलं आहे. त्याचा उल्लेख करून स्मरणपत्र द्या. हे कलम टेबलावरच्या माणसाला ठाऊक असतं, पण तुम्हाला ते आपण होऊन सांगितलं जात नाही.

नकार आला तर कारणं लेखी मागा. अधिकाऱ्याने ती नोंदवायचीच असतात आणि सार्वजनिक हिताचा अडसर नसेल तर मागितल्यावर थोडक्यात द्यायची असतात. अपील ३० दिवसांत करायचं: जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध विभागीय आयुक्तांकडे, पोलीस आयुक्तांच्या आदेशाविरुद्ध राज्य सरकारकडे. ‘पुन्हा नवा अर्ज करा’ असा सल्ला ऐकत बसलात तर ही मुदत निघून जाते.

हलकं रिव्हॉल्व्हर निवडताना

परवाना हातात आल्यावरच दुकानात जा. परदेशी हत्यारांची आयात सर्वसामान्यांसाठी बंद असल्यामुळे जुनी परदेशी रिव्हॉल्व्हर अवाच्या सवा भावाने फिरतात. खासगी माणसाकडून घेणार असाल, तर विकणाऱ्याने आधी लेखी सूचना देऊन ४५ दिवस थांबणं कायद्याने बंधनकारक आहे. आगाऊ पैसे देऊन मोकळे होऊ नका.

नव्यांमध्ये कानपूरचं ‘निर्भीक’ २०१४ मध्ये खास महिलांसाठी म्हणून आलं. .३२ बोअर, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन सुमारे ५०० ग्रॅम. तेव्हाची किंमत १ लाख २२ हजारांच्या वर होती, आणि ज्या बायकांना त्याची सर्वांत जास्त गरज त्यांना ती परवडणार कशी, हा प्रश्न तेव्हाही होता. ईशापूरच्या कारखान्याचं ‘निडर’ .२२ बोअरचं, वजन फक्त २५० ग्रॅमच्या आसपास. खिशाला ते सोयीचं, पण .२२ च्या गोळीचा जोर कमी असतो आणि त्या प्रकारचं काडतूस न फुटण्याची शक्यताही जास्त. २०२३ मध्ये आलेलं ‘प्रबल’ .३२ बोअरचं, सुमारे ७०० ग्रॅमचं आहे. त्याचं काडतुसांचं चक्र बाजूला उघडतं, त्यामुळे काडतुसं भरायला सोपं.

हलकं म्हणजे चांगलंच, असं नाही. हत्यार जितकं हलकं तितका झटका हाताला जास्त बसतो. .३२ चा झटका तसा सौम्य असतो, तरी मनगट कमकुवत असेल तर फरक पडतो. रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा घोडा (मागची हातोडी) आधी न चढवता ट्रिगर दाबून पाहा. कित्येकांना एका बोटाने तो पूर्ण ओढता येत नाही. अशा वेळी १०० ग्रॅम कमी-जास्त याला काही अर्थ उरत नाही. पिशवीत किंवा खिशात किल्ल्यांबरोबर सुटं ठेवणार असाल तर घेऊच नका. ट्रिगर पूर्ण झाकणारं कव्हर हत्याराबरोबरच विकत घ्या, आणि घरात मुलं असतील तर कुलूपबंद पेटी त्याही आधी.

घेतल्यानंतर

सार्वजनिक ठिकाणी हत्यार होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात असलं पाहिजे, असा २०१६ च्या नियमांचाच आदेश आहे. कमरेला दिसेल असं लावून लग्नात मिरवणाऱ्यांचा परवाना रद्द होऊ शकतो. हर्षोल्हासात गोळी झाडली तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

परवान्यावरचं क्षेत्र वाचा. तिथे फक्त महाराष्ट्र लिहिलं असेल, तर सावंतवाडीहून गोव्यात जाताना रिव्हॉल्व्हर घरीच राहिलं पाहिजे. परवाना ५ वर्षांचा असतो, नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान ६० दिवस आधी द्यायचा. संपल्यावर जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि त्या मधल्या काळात घरातलं हत्यार विनापरवाना ठरतं.

निवडणुकीत हत्यार जमा करण्याची नोटीस येते. ती सरसकट सगळ्यांना लागू नसते. छाननी समितीने प्रत्येक प्रकरण पाहायचं असतं, आणि धोका खरा असेल तर सवलतीचा अर्ज देता येतो. जमा करावंच लागलं तर पावती घ्या. हत्याराचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या तिच्यावर लिहिलेली असल्याशिवाय पोलीस ठाण्यातून बाहेर पडू नका.